चिकाटी

रोगांना नावे कोण ठेवते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. देवी, गोवर, कावीळ, नागीण, गालगुंड ही नावे कुणा पंडिताने मांडी घालून ठरवली नसावीत. ज्यांच्या घरात आजारी माणूस होते, त्यांनी डोळ्यांनी जे पाहिले त्यावरून ती पडली. डोळे पिवळे झाले, कावीळ म्हणाले. अंगावर फोडांची वेटोळी माळ उठली, नागीण म्हणाले. पुढे नाव ठेवण्याचा हा मान घरातल्या माणसांकडून गेला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या माणसाकडे आला. नावे अधिक नेमकी झाली असतील. पण ती रोग्याच्या उशापाशी बसून ठेवलेली राहिली नाहीत, एवढे खरे.

‘सिकलसेल’ हे असेच एक नाव. वैनगंगेच्या काठच्या ज्या मुलखात मी मास्तरकी करतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, तिथे हे नाव आता चहाच्या टपरीवरही ऐकू येते. आमच्याकडे दिवाळी येते ती धानाच्या कापणीचा हात धरून. हलके धान दिवाळीच्या सुमाराला पिवळे पडते, लोहाराच्या भात्यापाशी विळ्यांची रांग लागते आणि शाळेतली निम्मी मुले बांधावर असतात. अशाच दिवसांत एका वर्षी आरोग्य खात्याची माणसे गावात रक्त तपासायला आली. त्यांतल्या एकाने लोकांना समजावले, “सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.” पुढे उकिडवा बसलेला एक म्हातारा मान हलवून म्हणाला, “इळा त कापते जी! हे पोरं त म्हणतेत, अंगात तुंबल्यावानी होते. इळा कुठं तुंबवते काय?”

लोक हसले. आरोग्य खात्याचा माणूसही हसला आणि पुढच्याच्या बोटाला सुई टोचू लागला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. पुढे चौकशी करताना कळले की म्हाताऱ्याने सहज विचारलेल्या या प्रश्नाचा नीट पत्ता लागायला शास्त्रज्ञांना सत्तर वर्षे लागली होती.

त्याची हकीगत अशी. १९०४ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा एक तरुण रुग्णालयात दाखल झाला. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यकी शिकायला आला होता. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने त्याचे रक्त काचेवर घेऊन पाहिले, तर गोल चकत्यांसारख्या दिसायला हव्यात त्या तांबड्या पेशींत काही लांबट, वाकड्या, विळ्याच्या पात्यासारख्या! आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली हे प्रसिद्ध केले आणि विळ्याचे नाव त्या रोगाला कायमचे चिकटले. नोएल शिक्षण पुरे करून मायदेशी परतला, तिथे त्याने दातांचा दवाखाना घातला आणि १९१६ साली न्यूमोनियाने तो गेला. त्याच्या वाकड्या पेशींचे चित्र वैद्यकाच्या पुस्तकांत राहिले. त्याच्या सांध्यांतून आणि हाडांतून जी कळ उठत असेल तिचे चित्र काढायला कुणाला जमले नाही.

पण त्या कळेलाही नावे होती. घाना देशातले डॉ. फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी आपल्याच घराण्यात हा आजार मागे पार १६७० पर्यंत शोधून काढला आणि पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांनी त्याला पूर्वापार दिलेली नावे नोंदवून ठेवली. गा भाषेत ‘च्वेच्वेएच्वे’, त्वी भाषेत ‘अहोतुतुओ’. ही नावे उच्चारून पाहा. त्यांत ना विळा आहे, ना पेशी. कुणीतरी हाड पुन्हा पुन्हा चावते आहे, अशी ती नादमय नावे आहेत. मला ती ऐकताच आपली मराठी आठवली. आपल्याकडे नुसते ‘दुखते’ म्हणून कोण थांबते? ठणकते, ठसठसते, सणकते, चमकते, शिणते, चुरचुरते, कळ येते, मोडून येते. दुखण्याच्या या शब्दांत आपली भाषा श्रीमंत आहे. ही श्रीमंती कशी मिळवली ते विचारू नये. आमच्या भागातल्या बाया या आजाराविषयी बोलताना हातपाय ‘फुटून राह्यले’ असे म्हणतात. डॉक्टराने आकार पाहिला, आईने कळ ऐकली. दोघांच्या मधे काय घडते, हे मात्र दोघांनाही बरीच वर्षे दिसले नव्हते.

आकारामागचे कारण आधी सापडले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष पेशीत नसून पेशीच्या पोटातल्या हिमोग्लोबिनात आहे. पुढे १९५७ साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका कुठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनाच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ मणी असतात. त्यांतला फक्त सहावा मणी बदललेला असतो: ग्लुटामिक ॲसिडाच्या जागी व्हॅलिन. बाकीचे १४५ जिथल्या तिथे! शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याला यात नवल वाटू नये. ‘आईने दिवा लावला’ या वाक्यात एका पोराने पहिली वेलांटी सोडून तिथे काना दिला, तर आई कोर्टात जाते. एका खुणेची ताकद मास्तरांइतकी कुणाला माहीत?

व्हॅलिनचा स्वभाव तेलकट, पाण्यापासून दूर पळणारा. तांबडी पेशी फुप्फुसातून प्राणवायू घेऊन निघते तोवर सारे ठीक असते. पण तो वायू शरीराला देऊन ती रिकामी झाली, की आतले हिमोग्लोबिनाचे कण या तेलकट जागी एकमेकांना धरतात, त्यांच्या काड्या बनतात आणि त्या काड्यांनी पेशीचे अंग आतून ताणले जाऊन ती वाकडी होते. आई आणि वडील या दोघांकडूनही हा बदललेला मणी आला, तर रोग होतो. एकाकडूनच आला, तर माणूस ‘वाहक’ ठरतो आणि सहसा धडधाकट आयुष्य जगतो.

हा मणी पिढ्यान्पिढ्या टिकून का राहिला, याचे उत्तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून आणले. वाहकाला मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो. आमचा मुलूखही जंगलाचा आणि मलेरियाचा. तेव्हा आजोबा-पणजोबांनी मलेरियावर काढलेला हा जुना विमा म्हणायचा. त्याचे हप्ते मात्र काही नातवंडांना हाडांतून भरावे लागतात. भारतात हा मणी पहिल्याने आढळल्याची नोंद १९५२ सालची, निलगिरीच्या डोंगरातली. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या लोकांविषयी ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय पत्रात लिहिले. म्हणजे आमच्या उंबऱ्यातल्या या पाहुण्याची पहिली ओळख छापून आली, तेव्हा माझा जन्मही व्हायचा होता.

इथवरची माहिती पुस्तकातून मिळते. माझी गाठ पुढे पडली ती एका आईच्या प्रश्नाशी.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे नाव इथे सांगत नाही. तिला हा आजार आहे. तिच्या थोरल्या भावालाही आहे. दोघांच्या कागदांवर एकच अक्षरे लिहून आली आहेत. भाऊ तालुक्याला आयटीआयत जातो, सायकल मारतो, कापणीला हात लावतो, वर्षातून एखाददुसऱ्या दिवशी पाय धरून बसतो. मुलगी मात्र पावसाळा सरला की दर महिन्याला अंथरूण धरते. थंडी पडली, ताप आला, उन्हातून चालून आली, की रात्री हाडे ठणकू लागतात. दोनदा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन रक्त चढवावे लागले. आधीच्या एका शाळेत गैरहजेरीवरून तिला कामचुकार ठरवून बाकावर उभे केले होते. तिथून नाव काढून ती आमच्याकडे आली. दाखला घेऊन आलेली तिची आई वर्गाच्या दाराशी थांबली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळीत म्हणाली, “गुरुजी, दोघायबी एकाच पोटचे. रिपोर्टात दोघायचं सारखंच लिवून आलं. मंग पोराले काही नाही, अन् पोरीलेच एवढं काहून जी?”

मी मॅट्रिक झालेला माणूस. शास्त्राशी माझा संबंध वर्गात शिकवायच्या पुस्तकापुरता. पण ‘काहून’ या शब्दाला ‘देवाची मर्जी’ असे उत्तर देऊन दार लावून घेणे मास्तराला शोभत नाही. म्हणून मी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना गाठले. ते तरुण आहेत, कादंबऱ्या वाचतात (माझ्या सोडून), आणि रोग्यांची रांग संपली की बोलतात. त्यांनी एका जुन्या केसपेपरच्या पाठीवर चित्र काढीत मला जे सांगितले, आणि त्यावर मी पुढे जे वाचले, ते घरच्या भाषेत मांडतो.

दिवाळीत बुंदीच्या लाडवांसाठी पाक करतात तो आठवा. साखर आणि पाणी तेच. पण तार केव्हा येईल याचा एक क्षण असतो. त्याच्या आत पातेले उतरले तर पाक ओतता येतो. क्षणभर उशीर झाला, की पातेल्यातच दगड. बदललेल्या हिमोग्लोबिनाचे असेच आहे. प्राणवायू सोडल्याबरोबर ते घट्ट होत नाही. मधे थोडी सवड असते. ही सवड मोजण्याचे काम अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात हॉफरिक्टर आणि ईटन यांनी केले. केसाहूनही किती तरी बारीक अशा ज्या केशवाहिन्या, त्यांतून पार व्हायला पेशीला साधारण एखादा सेकंद पुरतो. तेवढ्यात ती निसटली आणि फुप्फुसाकडे परतली, की तिला पुन्हा प्राणवायू मिळतो आणि पाक पातळ राहतो. म्हणूनच हे रोगी सदासर्वकाळ विव्हळत नाहीत. बहुतेक पेशी बहुतेक वेळा वेळेवर घरी पोचतात.

या सवडीचा हिशेब फार हळवा आहे. पेशीतले पाणी थोडेसे कमी झाले, आतले हिमोग्लोबिन जरासे दाट झाले, तरी सवड झपाट्याने आखडते. उलट, आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात जे वेगळे हिमोग्लोबिन असते, ते काहींच्या अंगात मोठेपणीही बऱ्यापैकी उरते. ते असले की पाक लवकर धरत नाही. तान्ह्या मुलांना पहिले काही महिने हा आजार का छळत नाही, याचे कारण हेच असावे, असे जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ सालीच सुचवले होते. तेव्हा त्या आईच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर असे असू शकते: मुलाच्या अंगात बाळपणचे हिमोग्लोबिन अधिक उरले असेल, मुलीच्या अंगात कमी.

उरलेले अर्धे उत्तर म्हणजेच म्हाताऱ्याचा प्रश्न. पेशी एका सेकंदात पार होते म्हणता. मग तिला उशीर कोण करते?

पुष्कळ वर्षे असा समज होता की वाकड्या पेशी वाकड्या असतात म्हणूनच अरुंद वाटेत अडकतात. दिसायला ते पटतेही. पण हिशेब जुळेना. काचेवर वाकड्या पेशी किती दिसतात, यावरून रोग्याला किती दुखेल हे सांगता येत नसे. १९८० साली मिनेसोटा येथे रॉबर्ट हेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच चाचणी केली. रक्तवाहिनीला आतून एकेरी पेशींचे जे अस्तर असते, त्याच्या पेशी त्यांनी बशीत वाढवल्या आणि रोग्यांच्या तांबड्या पेशी त्यांवर सोडल्या. निरोगी माणसाच्या पेशी सारवलेल्या ओट्यावरून मोती घरंगळावेत तशा निघून जातात. रोग्यांच्या पेशी मात्र अस्तराला चिकटून राहिल्या. आणि ज्यांच्या पेशी अधिक चिकटत होत्या, त्यांचेच आजारपण अधिक कडक होते. म्हणजे वाकणे हे मागाहून येते. आधी चिकटणे, मग उशीर, मग वाकणे आणि मग तुंबणे. म्हाताऱ्याचे म्हणणे खरे होते: विळा तुंबवत नाही.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. चिकटतात त्या पेशी कोणत्या? पक्क्या वाकड्या, ताठ झालेल्या पेशी फारशा चिकटत नाहीत. चिकटतात त्या कोवळ्या, मऊ, अजून नीट गोल अशा नव्या पेशी! निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. या आजारातली जेमतेम १० ते २० दिवस. त्यामुळे हाडांच्या पोटातला कारखाना रात्रंदिवस चालतो आणि माल पुरा तयार होण्याआधीच बाहेर धाडतो. मगजात वाढताना या पेशींच्या अंगावर आकड्यांसारखे रेणू असतात. त्या रेणूंनी त्या मगजाला धरून राहतात. एका रेणूचे नाव व्हीएलए-४. एरवी बाहेर पडण्याआधी पेशी हे आकडे टाकून देते. घाईने धाडलेली पेशी ते तसेच घेऊन येते.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे जून महिन्यातला पहिलीचा वर्ग आला. सहा वर्षांचे पोर रडतरडत का होईना, आईचे बोट सोडते. पण वय वाढवून सांगून आणलेले एखादे चार वर्षांचे असले, तर आई निघताच ते दाराची चौकट धरते, बाकाचा पाय धरते, मास्तरांचे धोतर असते तर तेही धरले असते. त्याच्या मुठीत दोष नाही. ती मूठ आईसाठी होती. ती सुटायच्या आधीच त्याला इथे आणले गेले.

न्यूयॉर्कमध्ये डॉ. डी. के. कौल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हे सारे जिवंत रक्तवाहिन्यांत पाहिले. केशवाहिन्या संपून जिथे लहान शिरा सुरू होतात, तिथे आधी कोवळ्या पेशी काठाला धरतात. वाट अरुंद होते आणि मग मागून येणाऱ्या म्हाताऱ्या, ताठ, वाकड्या पेशी त्यांच्या आडोशाला अडकत जातात. आमच्या नाल्याच्या पुराला हे नवे नाही. पुलाच्या खांबाला पहिल्याने ओला, पाल्याचा डहाळा धरतो. मग त्याच्यामागे वाळकी खोडे येऊन थटतात आणि पाणी तुंबते. तुंबलेल्या जागी लोकांना दिसते ते वाळके खोड. पुढे २००२ साली पॉल फ्रेनेट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर पाहणी झाली, तेव्हा आणखी एक भिडू सापडला: पांढऱ्या पेशी. त्या काठाला धरून बसतात आणि जाणाऱ्या तांबड्या पेशींना पकडून ठेवतात.

आणि काठ तरी निर्दोष आहे का? टाळी एका हाताने वाजत नाही. ताप आला, कुठे जखम झाली, जंतू शिरले, की रक्तवाहिनीचे अस्तर स्वतः आकडे उभारते. पी-सिलेक्टिन, व्हीकॅम अशी त्यांची नावे आहेत. हे आकडे मुळात परोपकारासाठी आहेत: जंतूंशी लढायला निघालेल्या पांढऱ्या पेशींना ‘इथे उतरा’ म्हणून सांगणारे ते थांबे. पण या आजारात तांबड्या पेशी फुटत असतात, त्यांतून सांडलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू खाऊन टाकते आणि रक्तवाहिनीला सैल, गुळगुळीत ठेवणारा तो वायूच कमी पडतो. तुंबले की अस्तर दुखावते, दुखावले की आकडे वाढतात, आकडे वाढले की आणखी चिकटते. सासू-सुनेच्या भांडणासारखे, सुरुवात कुणी केली ते शेवटी दोघींनाही सांगता येत नाही.

मी भाषेचा मास्तर, म्हणून मन पुन्हा शब्दापाशी येते. ‘चिकट’ म्हटले की आपण नाक मुरडतो. पैशाला चिकट, बोलण्यात चिकट, एकदा आला की उठत नाही असा चिकट पाहुणा. आणि त्याच घरातली ‘चिकाटी’ मात्र आपण सुविचार म्हणून फळ्यावर लिहितो. धरून राहणे हा गुणही आहे आणि तोच दोषही. कुठे धरले आणि कधी सोडले, यावर सारे ठरते. मगजात धरून राहणारी पेशी गुणी, वाटेत धरून राहणारी घातकी. चित्त्यांचे जंगल असो की आपले एकत्र कुटुंब, सोडण्याची वेळ चुकली की माया गळ्याशी येते. असो, हे तत्त्वज्ञान त्या मुलीच्या रात्रीच्या कळेला उपयोगी नाही.

उपयोगी काय आहे ते सांगतो. हायड्रॉक्सियुरिया नावाचे एक औषध आहे. १९९५ साली मोठ्या रोग्यांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला; कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. ते बाळपणचे हिमोग्लोबिन वाढवते, पांढऱ्या पेशी कमी करते आणि कोवळ्या पेशींचा चिकटपणाही उतरवते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळच्या वेळी रक्त तपासून ते घ्यावे लागते. अस्तरावरच्या पी-सिलेक्टिनचा आकडाच झाकून टाकणारे क्रिझनलिझुमॅब हे दुसरे औषध मोठ्या आशेने आले. २०१७ च्या चाचणीत झटके वर्षाला सुमारे तीनवरून दीडवर आले आणि २०१९ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पण पुढच्या मोठ्या चाचणीत त्याचा तसा फायदा दिसला नाही, आणि २०२३ साली युरोपने दिलेली परवानगी काढून घेतली. एक आकडा झाकला तर दुसरे उरतात, असा त्याचा अर्थ असेल. त्याच २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेने जनुकावरच्या उपचाराला परवानगी दिली. त्याची किंमत ऐकून आमचे डॉक्टर नुसते हसले.

आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असा तिचा संकल्प. तपासलेल्यांना कार्डे मिळतात. तुळशीचे लग्न लागले की आमच्याकडे मुली पाहायला पाहुणे निघतात. पत्रिकेचे छत्तीस गुण जुळवणाऱ्या घरांनी ही दोन कार्डेही शेजारी ठेवून पाहावीत. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक अशी आजाराची शक्यता असते. एकच वाहक असला, तर मुलांना आजार होत नाही. तेव्हा ‘या घराण्यात इळ्याचा रोग आहे’ म्हणून धडधाकट वाहक मुलीला परत पाठवणे हे अज्ञान आहे. तो आजार शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. तो फक्त रक्ताच्या नात्यातून येतो.

हे सगळे मी त्या आईला एकदम सांगितले नाही. थोडे थोडे सांगितले. पाकाचे तिला लगेच कळले. “म्हंजे लवकर तार येते तिच्या रक्ताले,” ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, “मंग हे माह्या हातून झालं नाही ना जी? लहानपणी मी हिले थंडीत वावरात नेत होती.” इतकी वर्षे तिच्या ‘काहून’च्या आत हा दुसरा प्रश्न दडून बसला होता. मी तिला सांगितले की मणी बदलला तो हजारो वर्षांपूर्वी, बाई. तुझ्या वावरात नव्हे. ती काही बोलली नाही. जाताना मात्र तिने तो केसपेपर मागून घेतला, ज्याच्या पाठीवर डॉक्टरांनी काठाला धरून बसलेल्या पेशी काढल्या होत्या.

आमच्या वर्गात त्यानंतर काही साधे नियम झाले आहेत. पाणी प्यायला विचारावे लागत नाही. या मुलांच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवता येत नाही, म्हणून बाहेर जायलाही विचारावे लागत नाही. आणि एकालाच सूट दिली की बाकीची पाहत राहतात, म्हणून हे सगळ्यांनाच लागू केले. वर्ग मोडला नाही. थंडीत प्रार्थना उन्हात होते. ती आठ-आठ दिवस आली नाही, तर तिची वही घरी जाते आणि भरून परत येते. कधी अक्षर वाकडे असते. तेव्हा समजायचे की बोटे सुजली होती. पण वही कोरी आलेली नाही.

यंदा सहामाहीनंतर मुलांना दिवाळीच्या सुट्टीत काय करणार ते चार ओळींत लिहायला सांगितले होते. कुणी फटाके लिहिले, कुणी मंडईतले नाटक. तिने लिहिले आहे की मागच्या भाऊबीजेला दादाने ओवाळणीत स्वेटर घातला. यंदा तो झाकणाची स्टीलची बाटली आणणार आहे, पाणी गरम राहणारी. आणि ती त्याला सांगणार आहे की एक नको, दोन आण. दुसरी तुझ्यासाठी.